एजंट ‘असतो’ हे खरं, पण तो बरोबर बोलतो का?

रात्रपाळी

काल पॅचकॉर्ड यांनी या चर्चेच्या पानावर लिहिलं: “एसएनएमपी 1988 पासून आहे. स्विचपासून प्रिंटरपर्यंत प्रत्येक यंत्रात त्याचा एजंट असतोच. सुसंगततेचा प्रश्न केव्हाच निकालात निघालाय. ज्यांना अजून अडचण येते त्यांनी मॅन्युअल वाचलेलं नसतं.” एसएनएमपी म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांची खबर घ्यायची ठरलेली भाषा. एजंट हा यंत्रातला छोटा प्रोग्राम, आणि मध्यवर्ती पोलर ठरावीक वेळाने त्याला आकडे विचारतो, त्यांचे ग्राफ होतात. पॅचकॉर्ड यांचं शेवटचं वाक्य वाचलं आणि मला राहवलं नाही.

मी एका पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळते, मुख्य कार्यालय आणि 38 शाखा. मागच्या महिन्यात शाखांमधून फोन यायला लागले. दुपारी बारा ते दोन कोअर बँकिंग उघडत नाही, पासबुक छापायला माणसं रांगेत उभी. मी ग्राफ उघडला. सर्व्हर रूमची मुख्य लाइन, एक गिगाबिटची (1000 एमबीपीएस) अपलिंक, त्यावर जेमतेम 98 एमबीपीएस. म्हणजे रस्ता मोकळा. आठ दिवस मी सर्व्हरवाल्यांशी भांडले, ते डेटाबेसवाल्यांशी भांडले. नवव्या दिवशी लॅपटॉप घेऊन रॅकपाशी बसले, कन्सोल केबल लावली आणि इंटरफेसचा लोड बघितला. 900 एमबीपीएस! कोणीतरी बॅकअपची वेळ रात्रीवरून दुपारवर आणून ठेवली होती.

मग ग्राफवर 98 का? तर एजंट इफइनऑक्टेट्स देत होता, म्हणजे पोर्टमध्ये आलेल्या बाइटांचा 32 बिटी काउंटर. 4294967295 बाइट झाले की परत शून्य. गिगाबिट लिंक पूर्ण भरली तर हा काउंटर 34 सेकंदांत एक फेरा मारतो. आमचं पोलिंग, म्हणजे पोलरचं विचारणं, दर पाच मिनिटांनी. मधले सात फेरे गायब, उरलेल्या बाइटांचा ग्राफ. पाच मिनिटांच्या पोलिंगला हा काउंटर 114 एमबीपीएसच्या वर काही दाखवूच शकत नाही, लिंक फुटायला आली तरी.

एजंटने एरर दिली नाही, स्वतःहून द्यायचा इशारा, म्हणजे ट्रॅप, पाठवला नाही. विचारलं की उत्तर देत होता. मेलेला एजंट परवडला, निदान लाल दिवा तरी लागतो.

आणि इफइंडेक्स, म्हणजे एजंटने पोर्टला दिलेला नंबर. लाइट गेली, स्विच रीबूट झाला, पोर्टांचे नंबर पुढेमागे झाले. चार दिवस एका शाखेचा ट्रॅफिक दुसऱ्याच शाखेच्या नावावर दिसत होता. यात मी कुठलं पान वाचायचं राहिले, ते सांगा.

पॅचकॉर्ड

तुमचा त्रास खरा आहे, पण तो चुकीच्या दारात आणून टाकलाय. 64 बिटी काउंटर इफ-मिबमध्ये कधीचा आहे (मिब म्हणजे एजंटने कोणते आकडे कसे द्यायचे त्याची यादी). इंटरनेटचा प्रमाण दस्तऐवज आरएफसी 2863, जून 2000. त्याला गिगाबिटवर एक फेरा मारायला चार हजारांहून जास्त वर्षं लागतात. पण एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत काउंटर64 हा प्रकारच नाही, त्यामुळे पोलर व्ही1 ने विचारत असेल तर एजंट तो देऊच शकत नाही. तुमचा पोलर व्ही1 वर आहे, मी पैज लावतो. इफइंडेक्सचंही तसंच. रीबूटनंतर नंबर तोच राहील अशी हमी प्रमाणाने कधी दिलेली नाही. सिस्कोवर तो टिकवायला एका ओळीची कमांड आहे, आणि जिथे ती नाही तिथे ग्राफ इफनेमवर, म्हणजे पोर्टच्या नावावर, बांधायचा.

मी एमआयडीसीतल्या कारखान्यात लागलो तेव्हा सहा कंपन्यांची यंत्रं आणि सहा पीसी. प्रत्येक पीसीवर त्या त्या कंपनीचं सॉफ्टवेअर, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळ्या डायरीत. एका खोलीत सहा स्क्रीन आणि एक माणूस खुर्ची सरकवत फिरायचा. एसएनएमपीने ते सगळं एका स्क्रीनवर आणलं. त्याला नावं ठेवताना पर्याय काय ते सांगा. प्रत्येक मशीनवर वेगळा एजंट इन्स्टॉल करायचा? दवाखान्यातल्या एक्स-रेच्या पीसीवर अजून विंडोज एक्सपी आहे, तिथे पुरवठादार तुम्हाला पेनड्राइव्हसुद्धा लावू देत नाही.

रात्रपाळी

पोलर व्ही1 वर होता, मान्य. माझ्या आधीच्या माणसाने लावलेला आणि मी तपासला नाही. दुसरी आवृत्ती, व्ही2सी, केल्यावर मुख्य स्विच बरोबर दिसतो.

पण तुम्हीच ती आरएफसी काढलीत म्हणून सांगते. तिच्यात लिहिलंय की 20 एमबीपीएसच्या वरच्या पोर्टला बाइटांसाठी 64 बिटी काउंटर द्यायचाच. मी परवा सगळ्या शाखांना वॉक मारला, म्हणजे एजंटकडचे सगळे आकडे ओळीने मागितले. सहा शाखांमधले गिगाबिट स्विच व्ही2सीला व्यवस्थित उत्तर देतात आणि तो 64 बिटी काउंटर, इफएचसीइनऑक्टेट्स, विचारला की म्हणतात, असा ऑब्जेक्ट नाही. डब्यावर ‘एसएनएमपी व्ही1/व्ही2सी/व्ही3 सपोर्टेड’ छापलेलं आहे. अजून दोन स्विच अर्ध्या वॉकला थांबतात, ‘ओआयडी नॉट इन्क्रीझिंग’. ओआयडी म्हणजे आकड्याचा पत्ता; एजंट पुढच्या ओआयडीऐवजी मागचाच परत देतो. हे मॅन्युअलमध्ये नसतं, पॅचकॉर्ड साहेब. हे विकत घेतल्यावर कळतं.

तिसरी आवृत्ती

व्ही3 चा उल्लेख झालाच आहे तर माझं ऐका. ऑडिटर म्हणाले ‘पब्लिक’ कम्युनिटी (पासवर्डसारखा सामायिक शब्द) बंद करा, व्ही2सीमध्ये ती स्ट्रिंग वायरवर उघडी जाते. बरोबरच आहे. आम्ही व्ही3 लावलं, ऑथप्रिव्ह (ओळख तपासणी आणि गुप्तलेखन दोन्ही), गुप्तलेखनाला एईएस-256. राउटरवर तोच युझर, तोच पासवर्ड, तरी आमच्या पोलरला नुसता टाइमआउट. तीन दिवस फायरवॉलवाल्याचं डोकं खाल्लं. शेवटी कळलं की प्रमाणात आहे ते फक्त एईएस-128, आरएफसी 3826. 256 साठी किल्ली लांबवायच्या दोन वेगळ्या पद्धती मसुद्यांमधून बाजारात आल्या, एका कंपनीने एक धरली, दुसरीने दुसरी. दोघांच्या स्क्रीनवर ‘एईएस-256’ असंच लिहिलेलं. मुकाट 128 वर आलो.

दुसरं दुखणं व्हर्च्युअल मशीनचं. एक लिनक्स सर्व्हर तयार केला, त्यावर एसएनएमपीचं सॉफ्टवेअर नेट-एसएनएमपी टाकलं, त्याच्या क्लोनवरून बारा मशीन काढली. एजंटचा इंजिन आयडी, म्हणजे त्याची ओळख, फाइलीत साठवलेला असतो, तो तेराही ठिकाणी एकच गेला. व्ही3 मध्ये पोलर इंजिन आयडीवरून वेळ जुळवतो आणि 150 सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला की पाकीट नाकारलं जातं. मग काय, एक मशीन हिरवं झालं की दुसरं लाल. आयडी बदलावा तर युझरच्या किल्ल्या त्या आयडीलाच बांधलेल्या, सगळे युझर परत करायचे. मी ते रात्री अकरा ते पहाटे चार करत बसलो होतो, मुलीला ताप असताना. ‘प्रश्न निकालात निघालाय’ असं कोणी म्हटलं की ती रात्र आठवते.

पॅचकॉर्ड

क्लोन करताना इंजिन आयडी आणि एसएसएच किल्ल्या पुसायच्या, हे कुठल्याही…

तिसरी आवृत्ती

माहितीये. आता माहितीये. तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. तुमचं प्रत्येक उत्तर ‘हे माहीत असायला हवं होतं’ इथेच येऊन थांबतं.

दोनशेतीस व्होल्ट

मी यूपीएसचा माणूस. तुमचे स्विच तरी बरे. यूपीएससाठी 1994 पासून प्रमाण मिब आहे, आरएफसी 1628. त्यात इनपुट व्होल्टेज पूर्ण व्होल्टमध्ये, बॅटरी व्होल्टेज व्होल्टच्या दहाव्या भागात, फ्रीक्वेन्सी हर्ट्झच्या दहाव्या भागात. एका दवाखान्यात बसवलेलं यूपीएसचं एसएनएमपी कार्ड इनपुट व्होल्टेजही दहाव्या भागात द्यायचं. 231 व्होल्टच्या जागी 2310. पोलरने रात्री दोनला हाय व्होल्टेजचा अलार्म मारला, वॉचमनने घाबरून मेन बंद केली, बॅटरी उतरली आणि सगळं आडवं. मी चाळीस किलोमीटर मोटरसायकलवर गेलो. मीटर लावला तर 231.

पण खरा राग वेगळाच आहे. हे डबे येतात कसे? टेंडरमध्ये एक ओळ असते, ‘एसएनएमपी सुसंगत: होय/नाही’. सगळे ‘होय’ लिहितात. सर्वात कमी दरवाल्याला, एल वनला, काम जातं. मग कळतं की यूपीएसला नुसती कार्डाची खाच आहे, कार्ड वेगळं विकत घ्यायचं. मिब फाइल मागितली तर एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, केल्याशिवाय देत नाहीत. ती ओळ लिहिणारा माणूस मला एकदा भेटायचाय.

इनवर्ड-आउटवर्ड

भेटलो. मी निमसरकारी कार्यालयात ती ओळ लिहितो, बावीस वर्षं.

एकदा लिहून बघा म्हणजे कळेल. मी एका वर्षी सविस्तर अट घातली: व्ही3, 64 बिटी काउंटर, मिब फाइल सोबत. तिसऱ्या दिवशी लेखी तक्रार आली की अटी ठरावीक कंपनीसाठी बेतल्या आहेत. टेंडर रद्द, फेरनिविदा, मला खुलासा. खुलाशाची प्रत अजून माझ्या कपाटात आहे. पुढच्या वर्षी मी ‘सुसंगत: होय/नाही’ लिहिलं, कोणाची तक्रार नाही, काम वेळेत. मोटरसायकल तुम्ही चालवलीत, पण माझी वेतनवाढ सहा महिने अडकली होती.

दोनशेतीस व्होल्ट

म्हणजे तुमची वेतनवाढ वाचावी म्हणून दवाखान्यात चुकीचे आकडे?

इनवर्ड-आउटवर्ड

तोंड सांभाळून. दवाखान्याचं टेंडर माझं नव्हतं. आणि माल पोचल्यावर तपासणीला तुमच्यापैकी कोण येतं? इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही मागायला सगळे येतात. लाइट लागली, पंखा फिरला, सही करा साहेब. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला वॉक मारता येत नाही, आणि मला कोणी शिकवलंही नाही.

रात्रपाळी

दोनशेतीस, इथे ते चुकत नाहीयेत. आमच्या सहा शाखांच्या स्विचवर स्वीकृतीची सही माझी आहे. मी पिंग बघितला आणि सही केली.

विंडोवाला

विषय टेंडरवर गेलाच आहे, तरी एक भर घालतो. सर्व्हरच्या टेंडरमध्येही हीच ओळ असते. विंडोज सर्व्हरमधला एसएनएमपी एजंट मायक्रोसॉफ्टने 2012 च्या आवृत्तीपासूनच मोडीत काढायच्या यादीत टाकलाय आणि त्याला व्ही3 कधी आलंच नाही. म्हणजे ऑडिटर व्ही3 मागणार आणि ‘होय’ लिहिलेला सर्व्हर ते देणार नाही. डिस्कचंही बघून घ्या. सर्व्हरच्या होस्ट रिसोर्सेस मिबमध्ये डिस्कचा आकार ब्लॉकांच्या संख्येत, 32 बिटी चिन्हांकित पूर्णांकात आहे. 4 केबीच्या ब्लॉकने 8 टीबीच्या पुढे गेलात की काही एजंट ऋण आकडा देतात. आमच्याकडे एक व्हॉल्यूम महिनाभर उणे दिसत होतं.

पॅचकॉर्ड

ठीक. काल मी ‘निकालात निघालाय’ लिहिलं ते मागे घेतो. कागदावर निकाल लागलाय, डब्यात नाही, एवढं मी मान्य करतो. ‘मॅन्युअल वाचलेलं नसतं’ हेही नको लिहायला होतं.

पण यातून एसएनएमपी टाकाऊ ठरत नाही. यंत्रं सांभाळायची नवी पद्धत नेटकॉन्फ 2006 मध्ये आरएफसी झाली, यंत्राने स्वतःच सतत आकडे पाठवायच्या स्ट्रीमिंग टेलीमेट्रीचा गाजावाजा आहे, पण शाखेतल्या चोवीस पोर्टांच्या स्विचला आणि यूपीएसच्या कार्डाला त्यातलं काय येतं? काही नाही. तिथे हाच एजंट आहे आणि पुढची दहा वर्षं हाच असणार. म्हणून दुरुस्ती खरेदीतच करायला हवी, इथे दोनशेतीसशी मी सहमत आहे. भाषेशी नाही.

दोनशेतीस व्होल्ट

दवाखान्याचं बोललो ते जास्त झालं. इनवर्ड साहेब, शब्द परत घेतो. मुद्दा परत घेत नाही.

तुम्हाला तक्रारीची भीती आहे ना, मग अट कंपनीची वाटणार नाही अशी लिहा. तंत्राची यादी देऊ नका, चाचणी लिहा. एक नमुना यंत्र आधी मागवायचं. तुमच्याच पोलरवरून व्ही3 ऑथप्रिव्ह, एईएस-128 ने पूर्ण वॉक एरर न येता संपला पाहिजे. ठरलेला डेटा पाच मिनिटं वाहवायचा, पोर्टच्या 64 बिटी काउंटरचा फरक त्याच्याशी जुळला पाहिजे. यूपीएसचं इनपुट व्होल्टेज मीटरशी जुळलं पाहिजे. यंत्र बंद करून चालू केल्यावर पोर्टांची नावं तीच राहिली पाहिजेत. मिब फाइल मालासोबत, वेगळे पैसे नाहीत. कुठल्याही कंपनीला पास होता येईल, म्हणून बेतल्याचा आरोप टिकणार नाही.

इनवर्ड-आउटवर्ड

नमुना यंत्राची अट आमच्याकडे फर्निचरला चालते, संगणकाला कोणी घातलेली नाही. घालता येईल असं वाटतं. पण चाचणी करणार कोण, हे अजून तुम्ही सांगितलं नाहीत. माझ्या ऑफिसात पोलरच नाही.

रात्रपाळी

नेट-एसएनएमपी फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून चालतं. तुमचं ऑफिस आमच्या जिल्ह्यात असेल तर मी एका शनिवारी येऊन लावून देते आणि वॉक कसा मारायचा ते दाखवते. पैसे नकोत. फक्त रिपोर्टच्या नमुन्यात ‘यंत्र चालू आहे’ हा रकाना आहे ना, त्याच्या खाली काउंटरचे दोन आकडे आणि दोन वेळा लिहायला जागा करा.

इनवर्ड-आउटवर्ड

फाइल बुधवारी वर जाते. मंगळवारपर्यंत दोनशेतीस यांनी वरचं सगळं मराठीत, क्रमांक घालून, एका पानात बसवून द्यावं. एका पानापेक्षा जास्त झालं तर वरचे साहेब वाचत नाहीत.

दोनशेतीस व्होल्ट

सोमवारी रात्री टाकतो.

तिसरी आवृत्ती

त्यात एक ओळ माझी घाला. एकाच मॉडेलची दोन यंत्रं मागवायची आणि दोघांचे इंजिन आयडी वेगळे आहेत का ते बघायचं.