लेखी युक्तिवादात रूपक ठेवू का?

प्रश्न (रावेर): केळीच्या शेताचा वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्याने चर खोदून अडवलाय. मामलेदार कोर्ट अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदारांपुढे दावा आहे. युक्तिवादात लिहिलंय, ‘रस्ता ही शेताची नाळ, तीच कापली.’ चालेल?

उत्तर (जळगाव, दिवाणी वकिली): चालेल, पण भाऊ, सुरुवातीलाच नको. आधी चर खोदल्याची तारीख. सहा महिन्यांच्या आत दावा लागतो. मग गट नंबर, नकाशा, पंचनामा, कापणीला आलेले घड, बांधापर्यंत न जाणारा ट्रक. 1980 च्या मिनर्व्हा मिल्स निकालात सरन्यायाधीश चंद्रचूडांनी मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वांना रथाची दोन चाकं म्हटलं, पण भोवती कारणमीमांसा केवढी!

उत्तर (धुळे): मी तर खोडेन. समोरचा वकील म्हणेल, ‘नाळ कापल्यावरच बाळ मोकळं होतं.’ मग काय बोलणार? विचार मोकळा करायला आलेली रूपकं पुढे त्यालाच जखडतात, हे अमेरिकी न्यायाधीश कार्डोझोंनी 1926 मध्येच बजावलंय.

प्रश्नकर्ता: बाळाचा मुद्दा भारीच, आप्पा! नाळ काढली. पंचनाम्यात चराची खोली-रुंदी आहे, तीच तिथे टाकतो.