मदत हवी आहे : पोरं इंग्रजी वाचतात, पण बोलत नाहीत

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर आहे, चौथी-पाचवी एकाच खोलीत. निम्मी मुलं घरी कोलामी (कोलाम आदिवासींची भाषा) बोलतात, बाकीची वऱ्हाडी. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० सालीच आलं. आमची पोरं धडा खडाखडा वाचतातही. पण 'व्हॉट इज युवर नेम?'च्या पुढं काही विचारलं की उत्तर एकच, 'येस सर!'

मागे वर्गात आठवडी बाजार भरवला. वांगी, मिरच्या, खोट्या नोटा. एरवी तोंड न उघडणारी एक पोरगी ठणकावून म्हणाली, 'नो नो, टेन रुपीज ओन्ली!' असंच काहीतरी हवंय.

धड्यांचे व्हिडिओ दाखवणारं सरकारी दीक्षा अ‍ॅप आणि पुस्तकातले क्यूआर कोड माहीत आहेत, पण रेंज मिळते ती टाकीजवळच. त्यात कापूस वेचणी सुरू झाली की अर्धा वर्ग वावरात, म्हणून महिनाभर चालणारे उपक्रम नकोत. एका तासात संपणारे, दोन वर्गांना एकत्र घेता येणारे खेळ कुणी करून पाहिलेत का? मोबाइलवर साठवून ऐकवता येतील असे छोटे ऑडिओ असतील तर तेही पाठवा. नुसत्या पीडीएफ नकोत बाप्पा, त्यानंच फोन भरलाय.