लिफ्टची बटणे आणि ओट्यावरचा स्पंज

सचिव: नमस्कार. चतुर्थीपर्यंत लिफ्टची बटणे व जिन्याचे कठडे रोज जंतुनाशकाने पुसून घ्यावेत, अशी काही सभासदांची सूचना आहे. खर्च देखभाल निधीतून होईल. हरकत असल्यास कळवावे.

अ-३०२: हरकत नाही, पण जंतूंचे खरे माहेरघर आपल्या सिंकपाशी आहे. कोरड्या बटणावर जिवाणू फार तर तग धरतात. वाढायला त्यांना ओलावा आणि अन्नकण लागतात, आणि भांड्यांच्या स्पंजात दोन्ही अखंड मिळतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात वापरातल्या स्पंजांमध्ये काही ठिकाणी घन सेंटिमीटरमागे ५४ अब्जांपर्यंत जिवाणू आढळले होते. ते सगळेच रोगकारक नसतात हे खरे. तरी बांगडे साफ केल्यावर ओट्यावर फिरवलेल्या स्पंजानेच मुलांचे डबे घासणे मला तरी पटत नाही.

ब-१०४: वहिनी, आम्ही स्पंज अधूनमधून उकळत्या पाण्यात घालतो. तेवढे पुरेसे नाही का?

अ-३०२: काका, तात्पुरते पुरते. त्याच अभ्यासात, नियमित स्वच्छ केल्याचे सांगितलेल्या स्पंजांवरही जिवाणू कमी नव्हते, कारण वाचलेले जिवाणू मोकळी जागा लवकरच भरून काढतात. स्पंज वेळेवर बदलणे आणि तोवर घट्ट पिळून उभा ठेवणे बरे. आपल्या फोंड्याच्या पावसात ओट्याचे फडके दिवसभर वाळत नाही, म्हणून दोन-तीन फडकी आळीपाळीने वापरून धुतलेली पंख्याखाली घालावीत.

अ-१०१: मग मासळी कापायच्या आदोळीचा (विळीचा) लाकडी पाट टाकून प्लास्टिकचा घ्यावा का?

अ-३०२: मुळीच नको. लाकूड जिवाणूंना आत शोषून घेते आणि ते वाळले की त्यांतले पुष्कळसे मरतात. उलट प्लास्टिकवर सुरीचे चरे पडले की त्यांतली घाण हाताने घासून निघणे कठीण असते. पाट साबणाने धुऊन उभा वाळवावा, तडा गेल्यास मात्र बदलावा.

सचिव: मग लिफ्टचे काय करायचे?

अ-३०२: इमारतीत कोणाला उलट्या-जुलाब होत असतील, तेव्हा जरूर पुसून घ्यावे. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस पृष्ठभागावर कित्येक दिवस टिकतो आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही, त्यामुळे घरी आल्यावर साबणानेच हात धुवावेत. ब्लीचचे द्रावण लावून लगेच कोरडे करू नये, त्याला काही मिनिटे राहू द्यावे, एवढे सफाई कामगारांना सांगावे.

सचिव: ठीक आहे. रोजच्या कामाचा प्रस्ताव मागे घेतो. कोणाच्या घरी तसे आजारपण असल्यास मला खासगीत कळवावे, नाव ग्रुपवर येणार नाही.