मदत हवी आहे: पश्चिमेच्या काचेमुळे तापणारं ऑफिस

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे, पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. दुपारी ३ नंतर एसी चालू असूनही खिडकीलगत बसवत नाही. पडदे ओढले की भर दिवसा दिवे लावायचे, आणि काचेतून आत शिरलेली उष्णता आतच राहते. म्हणून ऊन बाहेरच अडवायचंय.

वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादच्या ‘संगाथ’ या आपल्या स्टुडिओत उन्हाचा विचार आधीच केला: अर्धी इमारत जमिनीखाली, कमानदार छतांवर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे. आम्हाला मात्र तयार इमारतीतच मार्ग काढायचाय.

मावळतीचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे नुसता आडवा छज्जा पुरणार नाही. मग बाहेरून उभ्या पट्ट्या, जाळी की वेल? कुणी केलंय का? पावसाळ्यात गंज, कबुतरं, साफसफाई यांचा अनुभव कृपया सविस्तर सांगा.