बिग बॉयचं वेड मुंबईकरांना कशाला? (चर्चा)

खंडाळा_बँकर:
रेल्वेवेडे जमले की गप्पा हटकून बिग बॉयवर येतात. अमेरिकेच्या युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीची वाफेची 25 इंजिनं, 1941 ते 1944 मध्ये बांधलेली, चाकरचना 4-8-8-4 (पुढे 4 छोटी चाकं, मग इंजिन ओढणाऱ्या 8-8 चाकांचे दोन संच, मागे पुन्हा 4 छोटी). इंजिन भव्यच, वाद नाही. पण ते ज्या वासॅच डोंगरासाठी बांधलं तिथला चढ 1.14 टक्के, म्हणजे साधारण 88 ला 1 (88 फूट पुढे गेलं की 1 फूट वर). आपल्या बोर घाटात आणि कसाऱ्याच्या घाटात 37 ला 1! कर्जतला मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं, लागायचे, 1929 पर्यंत खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडीची दिशा उलटायची. हे आपल्या पोरांना माहीत नाही आणि 4014 चे, म्हणजे पुन्हा चालू केलेल्या बिग बॉयचे, व्हिडिओ मात्र तोंडपाठ. याचं मला वाईट वाटतं.

दट्ट्या:
नुसत्या चढावर तुलना कशी होईल? त्या चढावर 3,600 टनांची मालगाडी मदतीच्या इंजिनाशिवाय नेता यावी म्हणून ते बांधलं. एकाच बॉयलरखाली चाकांचे दोन संच, त्यातला पुढचा वळणावर स्वतंत्र वळतो. शिवाय दट्ट्या, दांडे, चाकं, सगळं उघड्यावर चालतं. ताकद कुठून कुठे जाते ते शाळकरी पोरालाही दिसतं. डब्याखाली बसवलेल्या मोटरमध्ये काय दिसतं? 2019 मध्ये 4014 पुन्हा रुळावर आलं तेव्हा लोकांनी गर्दी केली ती यासाठी.

कल्याण_यार्ड:
दिसतं ते बाहेरून. माझे आजोबा वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. बिग बॉयला कोळसा यंत्राने जायचा, कारण एवढी भट्टी माणसाच्या हाताने भरणं शक्यच नव्हतं. आपल्याकडे डब्ल्यूपीवर, म्हणजे प्रवासी गाड्यांच्या वाफेच्या इंजिनावर, फावडंच. मे महिन्यात, भट्टीसमोर. आजोबांनी त्या इंजिनाचं कौतुक कधी केलं नाही. बोगद्यातल्या धुराबद्दल मात्र खूप बोलायचे. घाटात वीज आली ती माणसांच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट झाली, आणि या वेडात त्या माणसांचा उल्लेखही नसतो.

दट्ट्या:
@कल्याण_यार्ड, आजोबांना नमस्कार. पण चालू इंजिन समोर असलं तरच पुढची पिढी विचारते की भट्टी कोण भरायचं. नाहीतर तेही कोणी विचारणार नाही. (4014 आता तेलावर चालतं, फावड्याचा प्रश्न तिथेही उरलेला नाही.)

गॅरेट_815:
आणि अजस्र इंजिनं आपल्याकडे नव्हती असं नाही. बंगाल नागपूर रेल्वेचं एन क्लास गॅरेट (मधे बॉयलर आणि दोन्ही टोकांना चाकांचे संच असलेलं वाफेचं इंजिन) दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. फोटोत बघून आकार कळत नाही, शेजारी उभं राहावं लागतं.

खंडाळा_बँकर:
दिल्ली कशाला? घाटात वाफेची जागा ज्याने घेतली ते विजेचं 'खेकडा' इंजिन, डब्ल्यूसीजी-1, त्याच्याही चाकांना दांडे होते आणि ते बाहेरून हलताना दिसायचे! @दट्ट्या, तुमची अट हीच ना? मग पोरांना आधी ते दाखवा.

दट्ट्या:
दाखवतो की. पण मला ते घाट चढताना दाखवायचंय, थांबलेलं नाही. चालतं इंजिन अमेरिकेने राखलं. आपण खेकड्याचं तसं करत नाही तोवर पोरं 4014 च बघणार.