सुगंधी म्हणजे गोड नव्हे! (पांढऱ्या ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या, वाईनवरून)

रामबागकर
काल इथे, आपल्या इंदूरच्या फोरमवर, ‘सराफ्याचा खवय्या’ यांनी लिहिलं: “पांढरी ड्राय वाईन म्हणजे महागडं आंबट पाणी. वास फुलांचा, तोंडात घेतली की फसवणूक. घ्यायचीच तर गोड घ्या, नाहीतर बिअर बरी.” खाली बऱ्याच जणांनी मान डोलावली. सकाळी चहा करतानाही तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

फसवणूक कसली? व्हॅनिला इसेन्सचा थेंब लहानपणी आपण सगळ्यांनीच चाटलाय. वास आइस्क्रीमचा, चव कडूजहर. नाकाला जे गोड वाटतं ते जिभेला गोड लागेलच असं कुणी सांगितलं? द्राक्षातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर गेली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. साखर संपते, वास मागे राहतो. गेवुर्त्सट्रामिनर या द्राक्षाच्या वाईनमध्ये लिची आणि गुलाबाचा वास येतो तो रोझ ऑक्साइड या सुगंधी द्रव्याचा, आणि तोच पदार्थ खऱ्या लिचीत आणि गुलाबातही असतो. मस्कत द्राक्षातला लिनालूल, हेही सुगंधी द्रव्यच, तर रोज तुमच्या स्वयंपाकघरात असतो, धने कुटताना जो वास सुटतो ना, तो बराचसा त्याचाच. धने गोड असतात का?

सुरुवात नाशिकच्या सोविन्यों ब्लाँपासून करा (हे द्राक्षाच्या जातीचं नाव). नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली, तेव्हापासून ही त्यांच्याकडे आहे आणि ती ड्राय आहे. त्यांच्याच शेनिन ब्लाँमध्ये मात्र थोडी गोडी ठेवलेली असते. दुकानात दोन्ही शेजारी उभ्या, रंग सारखाच. लोक शेनिन पितात आणि “मला ड्राय आवडली” म्हणतात. ज्यांना सोविन्योंची हिरवी मिरची-पेरू छापाची धार नको, त्यांनी व्हियोनिए या द्राक्षाची वाईन शोधावी. जर्दाळू, पिवळी फुलं, अंगाने भरलेली आणि तरी कोरडी. सुलाची ‘दिंडोरी रिझर्व्ह’ नावाने मिळते, बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर कंपनीकडेही आहे. माझ्या दुकानदाराने सांगितल्यावर तीन आठवड्यांत मागवून दिली. मागितल्याशिवाय कुणी आणत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आणि फ्रिजमधून काढून लगेच पिऊ नका. फ्रिज ४ अंशांवर असतो, वास ८ ते १० ला उघडतो. काल मी मुद्दाम दोनदा हुंगून पाहिलं. काढल्या काढल्या नुसतं लिंबू. पेला तळहातात धरून दहा मिनिटं गप्पा मारल्या, आणि मग जर्दाळू वर आला. थंडगार ढोसून “आंबट पाणी” म्हणणाऱ्याने ती प्यायलीच नाही.

सराफ्याचा खवय्या
रामबागकर, तुमचं रसायनशास्त्र मान्य. पण मी जे लिहिलं ते अनुभवातून लिहिलं. भाचीच्या साखरपुड्यानंतर गच्चीवर जावयाने मोठ्या कौतुकाने बाटली उघडली. समोर गराडू (तळलेला तिखट कंद), सेव, खोबऱ्याची पॅटिस. पहिला घोट घेतला आणि जीभ पेटली. मिरची आणि अल्कोहोल एकत्र आले की आग वाढते, हे तुम्हीही नाकारणार नाही. थोडी गोडी असती तर ती आग दबली असती. तुमची ड्राय फ्रान्सात माशाबरोबर छान असेल. आम्ही इंदुरात राहतो.

काचपात्र
तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे, म्हणून दोन दुरुस्त्या. ‘ड्राय’ म्हणजे साखर शून्य नव्हे. युरोपच्या नियमात लिटरला ४ ग्रॅमपर्यंत ड्राय, आणि आंबटपणा पुरेसा असेल तर ९ ग्रॅमपर्यंतसुद्धा. लिंबू सरबतात दोन चमचे साखर घालून वर अख्खं लिंबू पिळलं तर गोड लागत नाही, तसंच. तेव्हा रामबागकर म्हणतात तशी “साखर संपते” ही गोष्ट नेहमी खरी नाही. दुसरं, बाटलीवरचा अल्कोहोलचा टक्का बघून गोडी ओळखा असा सल्ला सगळीकडे फिरतो. आठ-नऊ टक्के असेल तर बहुधा गोड, बारा-तेराच्या वर असेल तर बहुधा ड्राय. पण फ्रान्सातल्या आल्सासची गेवुर्त्सट्रामिनर १४ टक्के असूनही गोडसर निघू शकते. म्हणून तर तिथे २०२१ च्या पिकापासून लेबलवर गोडी लिहिणं सक्तीचं केलं. ‘सेक’ (फ्रेंचमध्ये ड्राय) दिसलं तरच घ्या.

बडोदेकर (मूळचा स्नेहलतागंज)
इंदूर सोडून बावीस वर्षं झाली, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे गुजरातेत १९६० पासून दारूबंदी, म्हणजे अख्खं राज्यच ड्राय. माझी सगळी चव मुलाकडे जर्मनीत गेल्यावर तयार झाली. पहिल्या दिवशी रीस्लिंग ही पांढरी वाईन मागितली, लेबलवर ‘काबिनेट’ होतं. मला वाटलं हलकी, ड्राय असेल. सरबत निघालं! मग मुलाने सांगितलं की काबिनेट हा शब्द द्राक्ष किती पिकलं होतं ते सांगतो, वाईन गोड की कोरडी ते नाही. त्यासाठी ‘ट्रोकन’ शब्द शोधायचा. दुसऱ्या दिवशी ट्रोकन घेतली. हिरवं सफरचंद, ओला दगड, आणि मागे लिंबाच्या सालीचा कडसरपणा. तेव्हापासून गोड वाईन घशाखाली उतरत नाही. खवय्याभाऊ, तुम्ही चुकीच्या बाटलीवर राग काढताय.

सराफ्याचा खवय्या
बडोदेकर, तुमचा मुलगा जर्मनीत आहे म्हणून तुम्हाला ट्रोकन मिळते. आम्हाला इथे काय मिळतं त्याबद्दल बोला.

जुनी इंदूरकर
तेच मला म्हणायचंय. मिळण्याचं बोला! दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका दुकानातून (नाव घेत नाही) सोविन्यों आणली. बाटली खिडकीत उभी, वर ट्यूबलाइट, बाहेर ४२ डिग्री. घरी उघडली तर रंग फिक्या चहासारखा, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. परत न्यायला गेले तर काउंटरवरचा म्हणतो, “मॅडम, वाईन जितनी पुरानी उतनी अच्छी.” मी तिथेच भांडले. ही लाल वाईनची ऐकीव म्हण सगळ्या बाटल्यांना लावतात. सुगंधी पांढरी ताजी प्यायची असते. उन्हात वास सगळ्यात आधी मरतो, मग उरतं ते खरंच आंबट पाणी. खवय्यांना मिळाली ती अशीच भाजलेली असणार.

पंचवटीकर
ताईंना शंभर टक्के अनुमोदन. मी मूळचा नाशिकचा, चार वर्षं झाली इथे येऊन. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. म्हणजे लेबलवर या वर्षाचं साल असलेली पांढरी वाईन याच वर्षी दुकानात येऊ शकते. दुकानदाराला सांगा, मागच्या रांगेतली, सर्वात अलीकडच्या सालाची, खोक्यातली द्या. आणि फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका. ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीच्या लोकांनी २००० च्या रीस्लिंगला मुद्दाम फिरकी लावली, वास टिकावा म्हणून.

खाण्याबद्दल मात्र खवय्यांचं बरोबर आहे. तुमचं पोह्यावर टाकायचं इंदुरी जिरावण म्हणजे नुसती लाल तिखटाची पूड. त्यासमोर कुठलीच वाईन टिकणार नाही.

जुनी इंदूरकर
पंचवटीकर, थांबा. नुसती लाल तिखटाची पूड? पाकिटातलं खाल्लंय तुम्ही. घरच्या जिरावणात धने, जिरं, बडीशेप, सुंठ, हिंग, आमचूर, काळं मीठ असतं, तिखट चवीपुरतं. माझी सासू धने वेगळे भाजायची आणि शेवटी घालायची, वास जाऊ नये म्हणून. चार वर्षांत तुम्ही कुणाच्या घरी जेवायला गेलाच नाहीत असं दिसतंय.

पंचवटीकर
ताई, चिडू नका, पण पोह्यावर जे टाकतात ते तिखटच असतं. आमच्याकडे पोह्यावर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. त्याबरोबर सोविन्यों कशीही जाईल.

माळव्याची लेक
पोह्यावर खोबरं घालणाऱ्यांनी आम्हाला जिरावण शिकवू नये. महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस आधी आमच्या मराठीला हसतो, मग आमच्या पोह्यांना. आमच्या चार पिढ्या इथे गेल्या. होळकरांच्या राज्यात आलो, कालपरवाचे नाही.

सराफ्याचा खवय्या
जिरावणात हिंग घातलाच पाहिजे. बिनहिंगाचं जिरावण म्हणजे चाट मसाला.

काचपात्र
हिंगावर नंतर भांडा. मीठ आणि आंबट, दोन्हींमुळे वाईनचा आंबटपणा जिभेला कमी जाणवतो. आमचूर, काळं मीठ, वरून पिळलेलं लिंबू, या तिन्हींमुळे सोविन्यों उलट गोलसर लागायला हवी. त्रास फक्त मिरचीचा. म्हणजे जुन्या इंदूरकरांचं घरचं जिरावण चालेल, पाकिटातलं नाही. धन्यातला लिनालूल मस्कतशी जुळतो, हे रामबागकरांनी अर्धंच सांगितलं. अर्जेंटिनाच्या साल्ताकडची तोर्रोंतेस ही द्राक्षाची जात मस्कतचीच लेक. वास मस्कतचा, जीभ कोरडी. धने-बडीशेपेच्या मसाल्याजवळ ती छान बसेल.

पंचवटीकर
घरचं जिरावण मी खाल्लेलं नाही हे खरं. शब्द मागे घेतो. खोबऱ्याचा मागे घेत नाही.

स्कीम नंबर ७८
इथे सगळे वाईनतज्ज्ञ जमलेत, पण दारूला दारू म्हणायला कुणी तयार नाही. शेजारच्या उज्जैनात १ एप्रिल २०२५ पासून दारूबंदी आली ते उगाच नाही. माझ्या मोठ्या भावाची सुरुवातही “नुसती चवीपुरती”नेच झाली होती. एवढंच सांगायचं होतं.

रामबागकर
स्कीम ७८, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मी आठवड्याला एक पेला घेतो, उघडलेली बाटली तीन दिवस टिकते, उरलेली स्वयंपाकात जाते. कुणीही सुरुवात करावी म्हणून हा धागा काढलेला नाही. जे पितात त्यांनी काय पितोय ते ओळखावं, इतकंच माझं म्हणणं.

काचपात्र सर, साखरेची दुरुस्ती मान्य. “संपते” हा शब्द मी सैल वापरला. खवय्या, मिरचीचंही मान्य करतो, मनाविरुद्ध. झणझणीत खाण्याबरोबर थोडी गोडी असलेली शेनिन माझ्या सोविन्योंपेक्षा बरी बसेल. पण “फसवणूक” हा शब्द तुम्ही मागे घ्यायला हवा. भाजलेली बाटली, फ्रिजचा गारठा आणि तिखट गराडू या तिघांचा दोष तुम्ही द्राक्षावर टाकलात.

सराफ्याचा खवय्या
“फसवणूक” मागे घेतो. “महागडं” घेत नाही.

आणि तुम्हाला कळू नये म्हणून लिहिलं नव्हतं, पण जावयाने ती बाटली नाशिकहून गाडीच्या डिकीत आणली होती. मे महिना, आग्रा-मुंबई रस्ता, सेंधव्याच्या घाटात दोन तास जाम.

जुनी इंदूरकर
हे आधी सांगितलं असतं तर पोह्यांपर्यंत गेलोच नसतो! आणि परराज्यातून बाटल्या आणताना अबकारीचे नियम बघा, जावयाला सांगा.

रामबागकर
डिकीत! मे महिन्यात!

खवय्या, शनिवारी या. नवीन सालाची व्हियोनिए खोक्यातून काढून ठेवली आहे. मिरची नाही, भुट्ट्याचा कीस. दूध-तुपातला, हिंगाची फोडणी, वर ओली कोथिंबीर. मक्याच्या गोडीसमोर ती कोरडी वाईन कशी लागते ते बघू. आवडली नाही तर तसं इथेच लिहा.

सराफ्याचा खवय्या
येतो. कीस मी करणार, तुमच्याकडे मका जाड किसतात.

जुनी इंदूरकर
जिरावण माझ्याकडून. पंचवटीकर, तुम्हीही या, चाखून बघा.