मदत हवी आहे: गावठी दुधीचं बी शुद्ध कसं राखायचं?

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या बीज बँकेतून गावठी दुधीच्या १० बिया उसन्या आणल्यात. अट एकच, हंगाम संपला की दुप्पट परत. वेल मांडवावर मस्त चढलाय, पण बांधापलीकडे शेजारच्या काकांनी संकरित दुधी लावलाय. तिकडचे पराग आले तर परत दिलेलं बी भेसळीचंच! (दोडक्याशी संकर होत नाही, तेवढं माहीत आहे.) दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून दुपारीच मादी कळीवर कापडी पिशवी बांधून रात्री हाताने पराग लावायचा विचार आहे. नर कळ्याही झाकाव्या लागतील का? पिशवी कधी काढायची? बियाण्याचं फळ वेलावरच खडखडीत वाळू द्यायचं की आधी उतरवायचं? आजी बी राखेत ठेवायची, पण राख किती घ्यायची ते विचारायचं राहूनच गेलं.